टेबलाभोवती: कंपनीचा क्यू की कारागिराचा?

प्रश्न: नमस्कार दादा. मी मूळचा पुण्याचा, गेली सहा वर्षं न्यू जर्सीत एडिसनला असतो. कॉलेजात स्नूकर खेळायचो, इथे जवळपास टेबलच सापडेना म्हणून पूल (स्नूकरसारखाच टेबलावरचा खेळ) सुरू केला, आता दर मंगळवारी एपीएच्या (इथली हौशी पूल खेळाडूंची संघटना) एट-बॉल लीगमध्ये खेळतो, स्किल लेव्हल 5 आहे. आत्तापर्यंत दीडशे डॉलरच्या एकाच साध्या क्यूवर, म्हणजे खेळायच्या काठीवर, निभावलं. यंदा बोनस आलाय त्यातले हजार-बाराशे डॉलर बाजूला काढलेत. टीममधला एक जण म्हणतो कंपनीचा क्यू म्हणजे रेडिमेड शर्ट, घ्यायचा तर मापाने बनवून घे. दुसरा म्हणतो कस्टम-बिस्टम काही नाही, कार्बनचा शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग) घे आणि गप्प खेळ. बायको म्हणते दोघांचंही ऐकू नकोस, आधी सोफ्याचं बघ. काय करू?

उत्तर: सोफ्याच्या बाबतीत वहिनींचं ऐका, त्यात मी पडत नाही. क्यूचं विचाराल तर आधी तुमची एक छोटी परीक्षा घेतो. समजा उद्या तुम्ही एखाद्या कारागिराला फोन लावला की मला क्यू बनवून हवाय, तर तो काय विचारेल? वजन किती औंस, तोल बुडापासून किती इंचावर हवा, बट म्हणजे मागचा भाग मुठीत जाड हवा का बारीक, शाफ्ट किती मिलिमीटर, टेपर म्हणजे निमुळतेपणा कसला, दोन भाग जोडतात त्या जॉइंटला पिन कुठली, मुठीवरचा रॅप लिननचा की लेदरचा की नुसतं लाकूड. यातल्या किती प्रश्नांना तुम्ही न अडखळता उत्तर द्याल? सहा वर्षं एकाच क्यूवर खेळलेल्या माणसाला बहुतेक वजन तेवढं सांगता येतं, आणि ते सुद्धा दुकानदाराने सांगितलं होतं म्हणून. राग मानू नका, मी पण तसाच होतो.

माझंच सांगतो. मी एका कारागिराकडे ऑर्डर दिली, नाव नको कारण चूक त्याची नव्हतीच, त्या बिचाऱ्याने हे सगळं विचारलं आणि मी प्रत्येक प्रश्नाला "नेहमीसारखं असतं तसं ठेवा" एवढंच म्हणालो, माझं सगळं लक्ष कोकोबोलोच्या लाकडाचा रंग किती लाल येईल आणि पॉइंट्सच्या (बटवरच्या टोकदार लाकडी नक्षीच्या) कडेला हिरवी पट्टी बरी की पिवळी यातच होतं. चौदा महिन्यांनी क्यू आला. इतका देखणा की दोन दिवस त्याच्या टिपला (टोकावरच्या चामड्याला) चॉक लावायचं धाडस होईना! तिसऱ्या दिवशी खेळलो तर स्टीलच्या जॉइंटमुळे वजन पुढे आलेलं, माझी पकड बरीच मागे, दर स्ट्रोकला टोक खाली झुकतंय असं वाटायचं. सवय होईल होईल करत दीड वर्ष काढलं आणि मग तोटा सोसून विकला. तुमच्या मित्राला सांगा, मीही शर्ट शिवूनच घेतला होता, पण शिंप्याला माप मीच चुकीचं दिलं.

आणि कंपनीचा आणि कस्टम यांच्यात तुमच्या मित्रांना वाटते तेवढी मोठी भिंत नाहीये. कस्टम क्यूच्या जगात सगळ्यात मोठं नाव जॉर्ज बालाबुश्का, 1912 साली रशियात जन्मलेला, लहानपणीच घरच्यांबरोबर न्यूयॉर्कला आलेला सुतारकाम करणारा माणूस, 1959 पासून 1975 मध्ये वारला तोवर त्याने साधारण हजार-बाराशे क्यू बनवले, आज त्यांची किंमत ऐकली तर सोफा काय, त्याच्याभोवतीची खोली पण येईल. तर हा बालाबुश्का सुरुवातीला बटसाठी ब्रन्सविक कंपनीचे टायटलिस्ट ब्लँक (लाकडं जोडून अर्धवट तयार केलेले दांडे) वापरायचा, म्हणजे चक्क कारखान्यातले, आणि नंतर बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी यांनी जोडलेले ब्लँक घ्यायचा. त्याची खरी कला होती ते लाकूड पुढे कसं उतरवायचं, जॉइंट किती चपखल बसवायचा, तोल कुठे आणायचा, यात. उलट बाजूनेही तसंच आहे. बाल्टिमोरचं जॉस, 1968 चं, किंवा विस्कॉन्सिनचं शॉन, यांना लोक प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे कारखान्याच्या मालात, मोजतात, पण ही काही दिवसाला हजारो क्यू बाहेर टाकणारी फॅक्टरी नव्हे, छोटं वर्कशॉप. मॅकडर्मटसारख्या मोठ्या कंपनीत पण वजन, शाफ्ट, रॅप असं बरंच काही निवडून घेता येतं. आणि अमेरिकेचा नामांकित पूल खेळाडू शेन व्हॅन बोएनिंग वर्षानुवर्षं क्यूटेक कंपनीचा क्यू घेऊन खेळला, तो तर दुकानात टांगलेला मिळतो.

मग खेळात फरक कशाने पडतो? माझ्या मते नव्वद टक्के शाफ्टने आणि टिपने, त्यातही शाफ्टच्या पुढच्या सात-आठ इंचांनी. साइड देऊन, म्हणजे मध्य सोडून डाव्या-उजव्या अंगाला, मारलं की व्हाइट (पांढरा बॉल) आपण धरलेल्या रेषेत जात नाही, साइडच्या उलट्या अंगाला जराशी सरकते, ते तुम्हाला स्नूकरवरून ठाऊकच असेल. टिपजवळचा भाग जितका जड तितकी ती जास्त ढकलली जाते. प्रिडेटर कंपनी 1994 मध्ये निघाली ती हाच मुद्दा धरून, त्यांचा 314 शाफ्ट मेपलच्या 10 पाचरी एकमेकींना चिकटवून बनवतात आणि टोक आतून पोकळ करून हलकं ठेवतात. आता कार्बनचे आलेत, ते आणखी हलके, वाकत नाहीत, ओल्या फडक्याने पुसले की झालं. नुसत्या कार्बन शाफ्टलाच पाचशे डॉलर सहज लागतात. आवाज मात्र वेगळा, थोडा टणटणीत. मला नाही आवडत पण ते माझं म्हातारपण समजा.

इथे एक खबरदारी. कमी सरकणारा शाफ्ट चांगला आणि जास्त सरकणारा वाईट असं अजिबात नाही, तुमच्या डोळ्याला ज्याची सवय आहे तो तुमच्यासाठी चांगला. दर सहा महिन्यांनी शाफ्ट बदलणारे लोक मी बघितलेत, कुठल्या क्यूला किती साइडला किती सोडायचं हा हिशोबच त्यांच्या डोक्यात कधी पक्का होत नाही.

तुमचं स्नूकर इथे कामाला येईल. पुण्याच्या क्लबात तुम्ही अ‍ॅशचा क्यू, टिप साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास, टोकापासून बुडापर्यंत सलग जाड होत जाणारा, आणि हात टेबलावर उघडा ठेवून खेळला असाल. पूलचा नेहमीचा शाफ्ट 13 मिलिमीटर, त्यात पुढचा फूट-सव्वा फूट जवळजवळ एकसारखा जाड, कारण इथे बरेच जण तर्जनीचं कडं करून त्यातून क्यू सरकवतात आणि मध्येच जाडी वाढली तर बोट अडतं. स्नूकरवाल्याला हे सगळं मुसळासारखं वाटतं. म्हणून काही जण पूल टेबलवर स्नूकरचाच क्यू आणतात, तेही करू नका, स्नूकरचा बॉल साडेबावन्न मिलिमीटरचा आणि पूलचा 57.15 मिलिमीटरचा, चांगला जड असतो, बारीक टिप आणि तिच्याखालचं फेरूल (शाफ्टच्या टोकावरची टोपी) त्यात लवकर खराब होतं, ब्रेक (डावाचा पहिला, बॉल फोडणारा फटका) मारलात तर बोलायलाच नको. तुम्ही 11.8 ते 12.4 मिलिमीटरच्या मधला शाफ्ट बघा. (जाता जाता, आपला विल्सन जोन्स जन्मला पुण्यातच, 1958 ला बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला, कुठल्याही वैयक्तिक खेळात भारताचा पहिला. लीगमधल्या अमेरिकन पोरांना सांगून बघा, कोणाला माहीत नसतं.)

आता कस्टमवाल्याची बाजू पण मांडतो, नाहीतर अन्याय होईल. चांगला कारागीर मेपलचा दांडका आणला की लगेच टोकदार करत नाही, लेथवर थोडंसं उतरवायचं, महिनोन्महिने टांगून ठेवायचं, लाकडाला काय वाकायचंय ते वाकू द्यायचं, परत थोडं उतरवायचं, आणि वाकलं तर फेकून द्यायचं. कंपनीला इतकं थांबणं परवडत नाही. वजनासाठी बुडात लोखंडी बोल्ट घालण्याऐवजी तो लाकडंच अशी निवडतो की तोल आपोआप हवा तिथे येतो. हाताने जोडलेल्या लाकडी पॉइंट्सची धार स्वस्त क्यूवरच्या छापील चित्राला येणारच नाही. आणि त्या माणसाला फोन करता येतो, दहा वर्षांनी रॅप सुटला तर तोच नीट करून देतो. हे सगळं खरं आहे. पण हे सगळं आवडीचं, मनाचं आहे, त्याने तुमचा स्किल लेव्हल 5 चा 6 होणार नाही. शिवाय वेळ. लास वेगासच्या साउथवेस्ट या कस्टम क्यूवाल्यांची वेटिंग लिस्ट तर दहा-दहा वर्षांची म्हणून प्रसिद्ध आहे, तोवर मुलं कॉलेजला जातील.

म्हणून माझं मत सरळ आहे, आत्ता कंपनीचा घ्या. बट साधी घ्या, नक्षीवर पैसे घालू नका, वाचलेले पैसे शाफ्टमध्ये घाला. 19 औंसपासून सुरुवात करा, बोल्ट बदलून वजन वर-खाली करता येतं ही कंपनीच्या क्यूची मोठी सोय आहे, तुम्हाला तर हेच शिकायचंय ना. जॉइंट मात्र सगळीकडे चालणारा बघा, थ्री-एट-टेन किंवा रेडियल पिन (ही पिनांच्या आट्यांच्या प्रचलित प्रकारांची नावं), म्हणजे उद्या बट बदलली तरी तोच शाफ्ट लागेल आणि परवा कारागिराकडून बट बनवून घेतली तरी त्याला तीच पिन बसवायला सांगता येईल. घेताना शाफ्ट आणि बट वेगवेगळे टेबलावर फिरवून बघा, जोडलेला क्यू फिरवून लोक उगाच घाबरतात किंवा उगाच खूश होतात, आणि जॉइंट जुळवून उजेडासमोर धरा, फटीतून प्रकाश दिसला तर परत ठेवा.

आणि एक काम करा. सुपर बिलियर्ड्स एक्स्पो नावाचं प्रदर्शन भरतं, बरीच वर्षं ते फिलाडेल्फियाजवळ ओक्सला भरायचं, यंदा कुठे ते आधी बघून घ्या. तिथे कारागीर स्वतः आपले क्यू मांडून बसलेले असतात. पाकीट घरी ठेवा, वही न्या. वीस-पंचवीस क्यू हातात घ्या, परवानगी घेऊन चार स्ट्रोक मारा, जो आवडला त्याचं वजन, तोल, शाफ्टची जाडी लिहून घ्या. दोन वर्षं असं केलंत की वहीत तेच तेच आकडे परत येतायत असं दिसेल. तेव्हा मला परत लिहा, मग आपण हिरवी पट्टी की पिवळी ते ठरवू.

प्रश्न: ठाण्याहून लिहितेय. माझा भाऊ डिसेंबरमध्ये टेक्सासहून येतोय, माझ्यासाठी एक जुना, वापरलेला कस्टम क्यू आणणार आहे. विकणारा म्हणतो की पुढचं फेरूल हस्तिदंताचं आहे, त्यामुळे हिट फार गोड लागतो. घेऊ ना? आणि आपल्या पावसाळ्यात तो टिकेल का?

उत्तर: ताई, नाही. हिट कितीही गोड असो, हस्तिदंताला हात लावू नका. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यात 1991 ची दुरुस्ती झाल्यापासून आफ्रिकन हत्तीच्या दातांचा व्यापारही बंद झाला, अमेरिकेतून बाहेर काढणं पण कटकटीचं, आणि कस्टम्सवाल्यासमोर "अहो एवढंसं फेरूल आहे" हे भावाला बोलायला लावू नका. आजकालची चांगली फेरूलं कृत्रिम मटेरियलचीच असतात, डोळे झाकून खेळलात तर फरक सांगू शकाल असं मला वाटत नाही. कोकोबोलो आणि शिसवाच्या जातीची इतर लाकडंही साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, त्यामुळे दुसरा कुठला क्यू ठरवलात तर बटचं लाकूड कुठलं ते आधी विचारा. आणि भावाला सांगा, क्यू चेक-इनच्या बॅगेतच टाक, अमेरिकेत तो केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. कडक केस हवीच.

पावसाळ्याचं म्हणाल तर मेपल पाणी पितं, ठाण्यात जुलैत तर चपला पण पितात. क्यू कधीही भिंतीला तिरका टेकवून ठेवायचा नाही, दोन्ही भाग सुटे करून जॉइंटला कॅप लावून केसमध्ये, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, पुड्या महिन्याने बदलायच्या. गाडीच्या डिकीत ठेवणं तर उन्हाळ्यातही पाप. शाफ्ट चिकट झाला की लोक पॉलिशपेपर घासत बसतात, दर वेळी थोडा थोडा शाफ्ट कमी होतो आणि दोन वर्षांनी तेरा मिलिमीटरचा साडेबारा झालेला असतो, त्यापेक्षा कोरडं सुती फडकं जोरात फिरवा. शाफ्टची एवढी उठाठेव नकोच असेल तर साधी बट आणि कार्बन शाफ्ट मागवा.

प्रश्न: सर मी कोल्हापूरचा, कॉलेजला आहे, बजेट शून्य. क्लबातल्या स्टिकनीच खेळतो. वरचं सगळं आमच्यासाठी नाहीच ना?

उत्तर: आहे की. रॅकमधली सगळ्यात सरळ स्टिक शोध, एका डोळ्याने टोकापासून बुडाकडे बघ, मग टेबलावर फिरव. तिच्यावर बारीक खूण कर आणि रोज तीच घे. तिची टिप नक्की सपाट आणि काचेसारखी गुळगुळीत झालेली असणार, त्यावर चॉक धरत नाही आणि साइड दिली की सटकते. क्लबातल्या मार्करकाकांना (टेबलं सांभाळणाऱ्यांना) गाठ, चहा पाज, नवी चामड्याची टिप तू आणून दे आणि बसवून घे, कानशीने घासून नाण्याच्या कडेसारखा गोल आकार द्यायला सांग. फक्त संध्याकाळी बसवली तर त्याच रात्री ब्रेक मारू नकोस, गोंद सकाळपर्यंत वाळू दे.