बॅटरी बदलताना गाडीची सेटिंग्ज जाऊ नयेत म्हणून लायटरच्या सॉकेटमध्ये नऊ व्होल्टचा सेल लावला तर चालतो का?

नाही चालत. हा प्रयोग आमच्या दाजींनी माझ्याच गाडीवर केलाय आणि त्यावरून घरात अजून वाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कित्येक गाड्यांत चावी बंद केली की लायटरचं सॉकेटही बंद होतं. तिथे सेल लावला काय, न लावला काय. माझ्या गाडीत ते चालू राहतं, त्यामुळे दाजी खूश. पण सेल खोचून दार उघडंच टाकलं आणि दहाचा पाना घेऊन बॉनेटकडे गेले. मायनस सुटला तसा आतला दिवा पिवळा पडला आणि विझला. एवढासा सेल, तो दिवा ओढणार की रेडिओची मेमरी सांभाळणार? नवी बॅटरी जोडली तर घड्याळात बारा वाजलेले आणि रेडिओ कोड मागतोय.

तरी दाजींचं आपलं चालूच: "किलोमीटर गेले का? चावी चालतेय ना? मग सेलनं काम केलं!" अहो, किलोमीटरचा आकडा आणि चावीची ओळख ज्या मेमरीत असते तिला वीज लागतच नाही. गाडी महिनाभर बिनबॅटरीची ठेवली तरी ते जागेवर असतं. जाऊ शकतं ते घड्याळ, रेडिओची स्टेशनं, काचांचं वन-टच (बटण एकदा दाबलं की काच पूर्ण वरखाली होते ते), काही गाड्यांत इंजिनानं आयडलिंगचं, म्हणजे गाडी उभी असताना किती फिरायचं त्याचं, बसवलेलं गणित. मग थोडा वेळ आयडलिंग वरखाली होतं आणि चालवता चालवता आपोआप बसतं.

सगळं राखायचंच असेल तर दुसरी बारा व्होल्टची बॅटरी ओबीडी पोर्टला (मेकॅनिक स्कॅनर लावतो ते सॉकेट) जोडणारी केबल मिळते. त्या पोर्टच्या 16 नंबरच्या पिनवर चावी बंद असतानाही प्लस असतो. मात्र मग बॅटरीवरून काढलेल्या प्लसच्या क्लॅम्पमध्येही करंट असतो. बॉडीला टेकला की फ्यूज उडालाच. त्यावर रबरी हातमोजा चढवून ठेवा.

मला विचाराल तर एवढा खटाटोप कशाला? रेडिओचा कोड आधी शोधून ठेवा. वन-टच गेलं तर बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरलं की परत येतं. स्टिअरिंगचा किंवा ईएसपीचा (गाडी घसरू नये म्हणून असलेल्या यंत्रणेचा) दिवा लागला तर इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा, बहुधा जातो.

हां, स्टार्ट-स्टॉपवाली, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिला एजीएम किंवा ईएफबी (वारंवार स्टार्ट सोसणारे खास प्रकार) बॅटरीच लागते, आणि काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याचं स्कॅनर लावून नोंदवावं लागतं. ते काम कुठल्याच केबलनं होत नाही.