आधी तो टॉवेल काढ

प्रिय मावशी,

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावी राहते. वय 36. अंगणवाडीत मदतनीस आहे, घरी थोडा कापूस आणि तूर आहे. पाच वर्षांपासून तबला शिकते. दर रविवारी एसटीनं दारव्ह्याला क्लासला जाते. ‘प्रवेशिका पूर्ण’ ही तबल्याची परीक्षा झाली, आता पुढच्या ‘मध्यमा प्रथम’चा फॉर्म भरायचा आहे, पण दीड वर्षापासून गाडी जागची हलत नाही. ‘धा धा तिरकिट’चा कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना, बराबरीच्या साध्या लयीत वाजतो, दुगुनीत म्हणजे दुप्पट वेगात कसाबसा निभतो, चौपट वेगाच्या चौगुनीत तिरकिट एकमेकाला चिकटतं. गुरुजी म्हणतात, बोल सुटत नाही, रियाज वाढव. तोही वाढवला. रोज रात्री सगळे झोपल्यावर उजव्या तबल्यावर नि डाव्या डग्ग्यावर टॉवेल टाकून, एका कानात मोबाइलचा लेहरा, म्हणजे तालाला धरून फिरून फिरून येणारी धून, लावून तासभर बसते. घरात कोणाची तक्रार नाही. सासूबाई काही म्हणत नाहीत. ह्यांना तबल्यातलं कळत नाही, पण फी तेच भरतात. माझ्या मागून आलेला सहावीतला पोरगा माझ्या पुढे निघून गेला. त्यात वेचणी लागली की बोटं चिरतात. आता तबल्यासमोर बसावंसंच वाटत नाही. मन टिकवायचं कसं? की या वयात हात वळतच नाही म्हणून तबल्याची जोडी विकून टाकू?

— एक विद्यार्थिनी

अवं बाई,

वय, वेचणी, सहावीतला पोरगा, गुरुजी, मध्यमाचा फॉर्म, सगळ्यावर तू दोन-दोन ओळी लिहिल्यास. टॉवेलावर अर्धी ओळ लिहिलीस आणि पुढे निघून गेलीस. मी त्या अर्ध्या ओळीपाशीच थांबले. पत्र पुन्हा वाचलं, पुन्हा तिथंच थांबले. तुझ्या मनाचं काय करायचं ते नंतर पाहू. आधी मला सांग, तक्रार कोणाचीच नाही, तर टॉवेल कोणासाठी?

त्या टॉवेलाखाली काय होतं ते नीट समजून घे. गुरुजींना तू हे सांगितलेलं नसणार. सांगितलं असतंस तर ते ‘रियाज वाढव’ म्हणालेच नसते.

तुझाच कायदा घेऊ. धा धा तिरकिट धा धा तू ना, ता ता तिरकिट धा धा धीं ना. पहिल्या ओळीत ‘धा धा’, दुसरीत ‘ता ता’. या दोघांत फरक फक्त डग्ग्याचा. ‘धा’ला डावा हात गुंजतो, ‘ता’ला तो गप्प बसतो. कायद्याची भरी (घुमणारा भाग) आणि खाली (न घुमणारा भाग) यावरच उभी आहे. डग्ग्यावर टॉवेल टाकलास की घुमाराच मेला. मग ‘धा’ आणि ‘ता’ दोन्ही सारखेच ठप्प वाजणार. म्हणजे दीड वर्ष तू रोज रात्री एकच ओळ दोनदा वाजवते आहेस आणि कायदा वाजवला असं समजून झोपायला जाते आहेस.

आता उजवा हात. ‘ना’ चाटेवर, म्हणजे तबल्याच्या चामड्याच्या पुडीच्या कडेवर, पडतो तेव्हा अनामिका मधल्या काळ्या शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते आणि तर्जनी वाजवून लगेच उठते. ती उठली तरच सूर निघतो. उशिरा उठली की सूर दबतो, आणि ते कानाला तिथल्या तिथं कळतं. तबला असाच शिकवतो. गुरुजी रविवारी एकदा भेटतात, उरलेले सहा दिवस चूक दाखवायला पुडीच असते तुझ्यापाशी. तिच्यावर तू कापड टाकलंस. खुला बोल आणि बंद बोल असा भेदच त्याखाली उरत नाही, सगळेच बोल बंद. बोट वेळेवर उठलं की नाही हे सांगणारं कोणी राहिलं नाही.

शिवाय चामड्याची ती उसळीही गेली. उघड्या पुडीवर बोट पडलं की पुडीच त्याला परत वर ढकलते. तिरकिट वेगात जातं ते बरंचसं या उसळीवर. कापडावर बोट पडलं की तिथंच रुततं, मग ते तुला जोर लावून उचलावं लागतं. आवाज येत नाही म्हणून तू आणखी जोरात मारतेस. मनगट आवळतं, कोपरापर्यंत हात ताठ होतो, आणि ताठ हातातून चौगुन कोणाचीच निघत नाही. ‘चिकटतं’ हा शब्द तू अगदी बरोबर लिहिलास. चिकटतं कारण बोटाला सुटायला जागाच नाही. याचा तुझ्या 36 वर्षांशी काय संबंध? त्या सहावीतल्या पोराला महिनाभर टॉवेलावर बसव, त्याचंही तिरकिट असंच चिकटेल. तो घरी दणादणा वाजवत असणार, त्याची आई स्वयंपाक करता करता ऐकत असणार, आणि चुकलं तर त्याला आपोआप कळत असणार.

एखाद्याचं वाजवणं अडलं की मी एरवी वेगळं सांगते. कान हाताच्या पुढे गेला की आपलं वाजवणं आपल्यालाच नकोसं वाटू लागतं. असे महिने सगळ्यांनाच येतात. लय उतरवून धीरानं बसलं की हात कानाला गाठतो. तुझी गोष्ट तशी नाही. तुझ्या कानापर्यंत तुझा हात पोहोचलेलाच नाही. दीड वर्षात तू स्वतःला ऐकलंस ते फक्त रविवारी क्लासमध्ये, आणि तेही तो पोरगा शेजारी बसलेला असताना. मग बसावंसं कसं वाटेल? आवाजच न येणाऱ्या वाद्यासमोर, दिवसभर अंगणवाडीत आणि वावरात राबून, रात्रीची झोप मोडून एक बाई वर्षभराहून जास्त बसली. तुझं मन कच्चं असतं तर आठवड्याभरात उठली असतीस. तुझ्या जिद्दीबद्दल मला काडीची शंका नाही, म्हणून मन टिकवायचे उपाय मी तुला सांगणार नाही.

आता घरातल्यांकडे येते. ह्यांचं कौतुक करायला माझा हात धजत नाही. फी भरतात, बरं. पण पाच वर्षं बायको दर रविवारी तालुक्याला जाऊन काय शिकते, जरा वाजवून दाखव, असं एकदाही म्हणावंसं वाटलं नाही? ‘तबल्यातलं कळत नाही’ ही सबब तू त्यांना देतेस. पोळ्याला बैलांपुढे वाजंत्री वाजते तेव्हा यांचा पाय हलतो की नाही? एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. आणि टॉवेलाखालचं त्यांना कळणार तरी कसं, ते त्यांच्या कानावर पडलंच कुठं?

सासूबाई काही म्हणत नाहीत, असं लिहिलंस. न म्हणणं म्हणजे काय, हे तूच ठरवून टाकलंस. त्यांना आवडत नाही असं धरून तू आवाज लपवलास, आणि लपवलास म्हणून त्यांना काही म्हणायची वेळच आली नाही. त्या माउलीला एकदा विचारलंस का, की आई, संध्याकाळी थोडं वाजवू का? त्यांच्या पिढीतल्या कितीतरी बाया जात्यावर ओव्या म्हणत मोठ्या झाल्या. ठेका त्यांना परका नाही. आणि समजा त्या ‘नको’ म्हणाल्याच, तर निदान ‘नको’ कानानं ऐकशील. आत्ता तू तुझ्याच मनातल्या ‘नको’ला भीत बसली आहेस.

राहिली आळी. बाईमाणूस तबला बडवतं म्हणून चार तोंडं हलतील, हीच धास्ती ना? तू तसं लिहिलं नाहीस, पण टॉवेल तेच सांगतो. लग्नसराईत तुमच्या गावात रात्री अकरापर्यंत डीजे दणाणतो, दाराच्या कड्या थरथरतात, तेव्हा कोणी कोणाला विचारायला जात नाही. तुझ्या घरातून अर्धा तास ठेका ऐकू आला तर आभाळ कोसळणार नाही. आणि हा मुलूख कोणाचा आहे ते तरी आठव. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत 1909 साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी हातात खंजिरी घेऊन गावोगावच्या चौकात भजनं केली. 1935 साली मोझरीला त्यांचा गुरुकुंज आश्रम उभा राहिला. आजही आपल्याकडच्या कितीतरी गावांत सांजेला सामुदायिक प्रार्थनेला खंजिरी वाजते, बायांची भजनी मंडळं खंजिरी वाजवतात, आणि कोणालाही त्यात वावगं वाटत नाही. त्याच मातीत तू एक चांगली लावलेली तबल्याची जोडी रोज झाकून ठेवतेस. याचा मला राग येतो. तुझा नव्हे गं, पण येतो.

मुंबईच्या तबलावादक आबान मिस्त्री यांचं नाव तुझ्या गुरुजींना नक्की ठाऊक असेल. 1940 साली जन्मल्या, 2012 साली गेल्या. तबला म्हणजे पुरुषांचं काम असं सरसकट समजलं जायचं, त्या काळात त्यांनी मंचावर एकल तबला वाजवला, आणि पखवाज-तबल्याच्या घराण्यांवर मोठा अभ्यास लिहून ठेवला. गुरुजींना त्यांच्याबद्दल विचार, आणि जे सांगतील ते घरी येऊन मुलांना सांग.

आता काय करायचं ते ऐक. एकच गोष्ट सांगते.

टॉवेल दांडीवर टाक. रात्रीचा रियाज बंद. रोज दिवेलागणीला, चुलीवर भात टाकायच्या आधी, तबला-डग्गा सपरीत, म्हणजे पडवीत, आणायचा, दार उघडं ठेवायचं आणि अर्धा तास उघड्या पुडीवर वाजवायचं. रात्रीच्या एका तासापेक्षा हा अर्धा तास तुला जास्त देईल. रात्रीचा हात आधीच दमलेला असतो आणि पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा तूच उठणार असतेस, एवढं मला कळतं. कानातला लेहराही काढ. मोबाइल जमिनीवर ठेव आणि लेहरा सगळ्यांना ऐकू येऊ दे. आणि पढंत, म्हणजे बोल म्हणणं, तोंडानं, मोठ्यानं. टॉवेलाच्या दिवसांत तू बोल मनातल्या मनात म्हणत असणार. जे तोंडातून स्वच्छ निघत नाही ते बोटातूनही निघत नाही. भाकरी थापताना म्हण, अंगणवाडीत पोरांसमोर म्हण. तिरकिट म्हणायला पोरांना भारी मजा येईल.

या अर्ध्या तासात चौगुनीचं नाव काढायचं नाही. तीनतालाचा ठेका आणि हाच कायदा, बराबरीत. पहिले काही दिवस आवाज ऐकून तूच बिचकशील. डग्गा अंगावर येईल, ‘ना’ कर्कश लागेल, कारण जोरात मारायची सवय लागली आहे. हात हलका करत जा. ‘धा धा’ म्हटल्यावर घुमारा आला का, ‘ता ता’ला तो थांबला का, एवढंच ऐकायचं. हे दोन वेगळे ऐकू येऊ लागले की दुगुन आपोआप मोकळी होईल. चौगुनीची घाई मी तुला करू देणार नाही.

वेचणीचं म्हणशील, तर बोंडाच्या टोकांनी बोटं फाटतात, हे खरंच आहे. रात्री झोपताना खोबरेल लाव, पण तबल्याला हात लावायच्या आधी हात धुऊन कोरडे करून थोडी पावडर घे. तेलकट बोटांनी शाई खराब होते. एखाद्या दिवशी बोट चिरलेलंच असेल तर नुसती पढंत कर, पण सपरीत बस, आणि मोठ्यानं कर. ती वेळ मोडायची नाही.

मध्यमाचा फॉर्म या सत्राला भरू नकोस. परीक्षा दर सहा महिन्यांनी येते, ती कुठं पळत नाही. जोडी विकायचं तर बोलूच नकोस. जी अजून घरात धड वाजलीच नाही, ती विकतात का?

येत्या रविवारी गुरुजींना टॉवेलाचं खरं सांग. लाज वाटेल, तरी सांग. त्यांच्यासमोर चौगुन वाजवू नकोस, नुसता ठेका वाजव आणि म्हण, माझा डग्गा ऐका. डाव्या मनगटाकडे पाहायला सांग, ते आवळलेलं असेल तर तिथं हात लावून सोडवून द्या म्हणावं. गुरुजी रागावले तर रागावू देत. दीड वर्षं त्यांना अर्धीच गोष्ट ठाऊक होती.

आणि ह्यांना सपरीत बसव. काही कळायची गरज नाही. कपाशीच्या भावाचं बोलायचं असेल तर अर्ध्या तासानं बोला म्हणावं.

महिन्याभरानं मला पुन्हा लिही. तिरकिट सुटलं का, हे त्यात नसलं तरी चालेल. सासूबाई काय म्हणाल्या ते मात्र शब्दाला शब्द लिही.

तुझी
मावशी