डॅशकॅम मधेच रेकॉर्डिंग सोडतो आणि रडार डिटेक्टर उगाच बोंबलतो, काय करावं?

भावा, कॅमेऱ्याला शिव्या द्यायच्या आधी मेमरी कार्ड बघ. डॅशकॅम जुनं पुसून त्याच जागेवर नवीन लिहीत राहतो आणि मोबाईलचं साधं कार्ड त्यासाठी बनलेलंच नसतं, त्यामुळं ते लवकर दमतं आणि नेमकी हवी तीच क्लिप मिळत नाही. हाय एंड्युरन्स कार्ड, म्हणजे सतत पुसणं-लिहिणं सोसणारं कार्ड घे आणि अधनंमधनं कॅमेऱ्यातच फॉरमॅट मार. दुसरं म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये रंकाळ्यावर दुपारभर गाडी लावलीस तर काचेमागं भट्टी होते, आतली लिथियम बॅटरी फुगते, म्हणून पुढच्या वेळी सुपरकॅपॅसिटरवाला (बॅटरीऐवजी वीज साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग असलेला) कॅमेरा बघ. लायटर सॉकेटमधली पिन पण खड्ड्यात हलते, तेही तपास.

आता डिटेक्टर, म्हणजे पोलिसांचा स्पीड मोजणारा रडार ओळखून आधीच वाजणारं यंत्र. माझं स्पष्ट मत, त्यावर पैसे घालवू नको. बऱ्याच नवीन गाड्यांच्या ब्लाइंड स्पॉट सेन्सरची आणि दुकानांच्या ऑटोमॅटिक दारांची फ्रिक्वेन्सी 24 गिगाहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे डिटेक्टर ऐकतो त्याच के बँडमध्ये (पोलिसांचे रडार वापरतात त्यातला एक फ्रिक्वेन्सी पट्टा), मग शेजारून एखादी गाडी गेली तरी ते कोकलतं, आणि हायवेवर पोलिसांकडं लेझर गन असली तर किरण तुझ्या गाडीवर पडल्यावरच ते वाजणार, तोवर स्पीड मोजून झालेला असतो! पुणे-बेंगळुरू हायवेला काटा लिमिटमध्ये ठेव, विषय कट.

आणि हो, पार्किंग मोडसाठी (गाडी बंद असताना पण रेकॉर्डिंग) कॅमेरा हार्डवायर, म्हणजे थेट गाडीच्या वायरिंगला जोडला असशील तर लो व्होल्टेज कटऑफ, म्हणजे गाडीची बॅटरी किती उतरल्यावर कॅमेरा बंद व्हावा ते सेटिंग, 12 व्होल्टच्या खाली ठेवू नको, नायतर सकाळी गाडी ढकलायला गल्लीतली पोरं बोलवावी लागतील.