‘यू-टर्न’: घूमजाव, माघार की शब्द फिरवणे?

लंडनमध्ये राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. तेथील मराठी ज्येष्ठांसाठी ते दर आठवड्याला ब्रिटिश राजकारणाचा गोषवारा मराठीत लिहितात. सरकारने एखादा निर्णय बदलला की इंग्रजी वृत्तपत्रे ‘यू-टर्न’ लिहून मोकळी होतात. मराठीत मात्र ‘घूमजाव’ लिहावे, ‘माघार’ लिहावे की ‘कोलांटउडी’, असा पेच त्यांना पडतो. शिवाय ‘घूमजाव’ हा मुळात मराठी शब्द आहे का, अशीही शंका त्यांनी विचारली आहे.

शंकेपासून सुरुवात करतो. ‘घूमजाव’ आपल्याकडे हिंदुस्थानीतून आला, हे त्याच्या रूपावरूनच दिसते. ‘घूम जाओ’ हे तेथील आज्ञार्थी क्रियापद आहे. ते आपण अख्खे उचलले, ‘जाओ’चे ‘जाव’ केले आणि त्याचे नाम बनवले. ‘चले जाव’ या शब्दांचेही आपण असेच केले. १९४२ची घोषणा हीच चळवळीचे नाव झाली. मराठीतले ‘घुमणे’ हे क्रियापद येथे उपयोगी पडत नाही, कारण मराठीत देवळातली घंटा घुमते, पारवा घुमतो आणि अंगात आलेला माणूसही घुमतो, पण रस्त्याने जाणारा माणूस घुमून परत येत नाही. म्हणूनच ‘घूमजाव’ला स्वतःचे क्रियापद नाही आणि त्याला ‘करणे’चा आधार घ्यावा लागतो. मी त्यातला ‘घू’ दीर्घ लिहितो, कारण हे दोन शब्दांचे जोडकाम आहे असे मी मानतो. ऱ्हस्व लिहिणाऱ्यांशी भांडण करण्याइतका हा मुद्दा मोठा नाही.

आज्ञार्थाची ही गोष्ट निव्वळ व्याकरणाची नाही. हुजूर पक्षाचे पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी १९७०मध्ये सत्तेवर येताना डबघाईला आलेल्या उद्योगांना सरकारी टेकू न देण्याचे धोरण मांडले होते. पुढच्याच वर्षी त्यांच्या सरकारने रोल्स-रॉईसचे राष्ट्रीयीकरण केले आणि १९७२मध्ये वेतन व किमतींवर कायद्याने नियंत्रण आणले. ‘यू-टर्न’ हा शब्द तेव्हापासून हुजूर पक्षाच्या उरावर बसला होता. त्यामुळे १९८०मध्ये बेकारी वाढत असताना मार्गारेट थॅचरही वळतील अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा १० ऑक्टोबर रोजी ब्रायटन येथील पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी उत्तर दिले: ‘यू टर्न इफ यू वाँट टू. द लेडीज नॉट फॉर टर्निंग.’ यातल्या ‘यू’वरची कोटी मराठीत येत नाही असे म्हणतात आणि ‘तुम्हांला वळायचे तर वळा, ही बाई वळणारी नाही’ असा सपाट अनुवाद करतात. पण आपला शब्दही मुळात हुकूमच आहे. ‘हवे तर तुम्ही घूम जाव, ही बाई काही घूमजाव करणारी नव्हे’ असे लिहिले तर कोटी बरीचशी वाचते.

आता मुख्य पेच. ‘यू-टर्न’ हा इंग्रजीत नेहमी आरोप करणाऱ्याच्या तोंडचा शब्द असतो. सरकार स्वतःच्या कृतीला तसे कधी म्हणत नाही. ते ‘लोकांचे ऐकले’ म्हणते. मराठीत ‘घूमजाव’ला हाच आरोपाचा वास आहे, म्हणून विरोधकांचे म्हणणे सांगताना तो चपखल बसतो. मात्र वार्ताहर स्वतःच्या आवाजात लिहीत असेल, तर प्रत्यक्षात काय घडले ते आधी तपासावे, असे माझे मत आहे, कारण इंग्रजीने एका शब्दात कोंबलेल्या गोष्टी मराठीत वेगवेगळ्या आहेत.

आपल्या वाचकांच्या ज्येष्ठ मंडळींना थेट भिडलेले उदाहरण घेऊ. मजूर पक्ष जुलै २०२४मध्ये सत्तेवर आला आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी जाहीर केले की हिवाळी इंधनभत्ता, म्हणजे थंडीत घर उबदार ठेवण्यासाठी मिळणारे २०० ते ३०० पौंड, इंग्लंड आणि वेल्समध्ये यापुढे अत्यल्प उत्पन्नाच्या पेन्शनरांनाच मिळेल. सुमारे एक कोटी वृद्धांचा भत्ता गेला. १ मे २०२५ रोजी स्थानिक निवडणुकांत मजूर पक्षाला जबर फटका बसला आणि त्याच दिवशी रन्कॉर्न व हेल्सबीची पोटनिवडणूक रिफॉर्म यूके पक्षाने अवघ्या ६ मतांनी जिंकली. वर्षभरापूर्वी तीच जागा मजूर पक्षाने चौदा हजारांहून अधिक मताधिक्याने जिंकली होती. मते मागायला गेलेल्यांना दारोदारी या भत्त्यावरूनच ऐकून घ्यावे लागले, असे पक्षाचेच खासदार सांगू लागले. २१ मे रोजी पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी संसदेत फेरविचाराचे सूतोवाच केले आणि ९ जून रोजी ३५,००० पौंडांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पेन्शनरांना भत्ता परत देण्याची घोषणा झाली.

याला काय म्हणावे? घूमजाव म्हणजे जिथून निघालो तिथे तोंड करून चालू लागणे. येथे तर जुनी, सर्वांना सरसकट भत्ता देणारी पद्धत परत आलीच नाही. ‘शब्द फिरवला’ हेही बसत नाही, कारण भत्ता कापणार नाही असे वचन पक्षाच्या जाहीरनाम्यात नव्हते. अर्थात कापणार असेही त्यात नव्हते, आणि मतदारांचा राग त्याचाच होता. मी येथे ‘नमते घेतले’ लिहीन. या वाक्प्रचारात दबाव आहे, झुकणे आहे, पण पूर्ण वळणे नाही. ‘अंशतः माघार’ हेही बरोबर आहे, फक्त ते सरकारी पत्रकासारखे वाटते.

‘माघार’ हा शब्द मला एरवी सर्वांत प्रिय आहे, पण ब्रिटनबद्दल लिहिताना तो जपून वापरावा लागतो. आपल्या निवडणुकांनी त्याला उमेदवारी मागे घेण्याचा अर्थ इतका घट्ट चिकटवला आहे, की ‘माघारीचा शेवटचा दिवस’ म्हटल्यावर कशातून माघार, हे कोणी विचारत नाही. त्यात ब्रिटनमध्ये नेतृत्वाच्या निवडणुका वरचेवर होतात. ऑक्टोबर २०२२ आठवा. सप्टेंबरच्या २३ तारखेला जाहीर झालेल्या करकपातीपैकी सर्वाधिक उत्पन्नावरील ४५ टक्के दर रद्द करण्याचा बेत लिझ ट्रस यांच्या सरकारने ३ ऑक्टोबर रोजी सोडला. १४ तारखेला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांना काढले. १७ तारखेला नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी उरलेली बहुतेक कपातही रद्द केली. २० तारखेला ट्रस यांनीच राजीनामा जाहीर केला. आणि २३ तारखेला बोरिस जॉन्सन यांनी पुन्हा नेतेपदासाठी उभे न राहण्याचे ठरवले. या तीन आठवड्यांत ‘ट्रस यांची माघार’ असा मथळा दिला असता, तर कर, अर्थमंत्री की खुर्ची, वाचकाने काय समजावे? म्हणून नुसती ‘माघार’ न लिहिता ‘करकपातीबाबत माघार’ किंवा सरळ ‘करकपात मागे घेतली’ असे कर्मासह लिहावे. जॉन्सन यांच्या बाबतीत मात्र नुसती ‘माघार’ पुरेशी होती. १७ ऑक्टोबरची हंट यांची घोषणा हे, माझ्या मते, अलीकडच्या काळातले खरेखुरे घूमजाव.

‘शब्द फिरवणे’ मात्र राखून ठेवावे, कारण त्यासाठी आधी शब्द दिलेला असावा लागतो. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या उमेदवारांनी २०१०च्या निवडणुकीत विद्यापीठाच्या शुल्कवाढीविरुद्ध मत देण्याची लेखी प्रतिज्ञा केली होती. पुढे हुजूर पक्षाबरोबर सत्तेत गेल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नेते निक क्लेग यांच्यासह पक्षाच्या अनेक खासदारांनी शुल्कमर्यादा ९,००० पौंडांवर नेणाऱ्या प्रस्तावाच्या बाजूने मत दिले. क्लेग यांनी २०१२मध्ये माफी मागितली, तीही असे वचन द्यायलाच नको होते अशा सुरात. २०१५मध्ये पक्ष ५७ जागांवरून ८ जागांवर आला. याला नुसते ‘घूमजाव’ म्हटले तर प्रतिज्ञेवर सही पाहून मत दिलेल्या विद्यार्थ्याचा राग मराठी वाचकाला कळणारच नाही.

आणखी एक शब्द प्रश्नकर्त्यांच्या यादीत नाही, तो मी भर घालतो: ‘सारवासारव’. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्या हुजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात मे २०१७मध्ये वृद्धांच्या घरगुती शुश्रूषेच्या खर्चासाठी त्यांच्या घराची किंमतही हिशेबात धरण्याची योजना होती. विरोधकांनी तिला ‘स्मृतिभ्रंश कर’ असे नाव पाडले. चारच दिवसांत मे यांनी खर्चाला कमाल मर्यादा घालण्याचे कबूल केले आणि पत्रकारांना वर ठणकावले की काहीही बदललेले नाही. निर्णय बदलला ती माघार, बदलला नाही म्हणाल्या ती सारवासारव, आणि बातमीत दोन्ही शब्द लागतात.

‘कोलांटउडी’ संपादकीयासाठी ठेवावी. बातमीत ती मारली की लिहिणाराच कसरत करताना दिसतो. राहिला प्रश्न लिंगाचा आणि क्रियापदाचा. यू-टर्न घेतला, माघार घेतली, घूमजाव केले. ‘घूमजाव घेतले’ असे हल्ली कोठे कोठे दिसते; ते यू-टर्नचे क्रियापद चुकून चिकटलेले आहे, ते काढून टाकावे.