बोलोन्यात स्पॅगेटी मागू नका

गेल्या अंकात इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या आमच्या घराखालच्या त्रात्तोरियाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग आला. त्रात्तोरिया म्हणजे घरगुती वळणाचं छोटं हॉटेल, आपल्या खानावळीची इटालियन चुलतबहीण. आमची सान विताले वेशीबाहेरच्या चिरेनाइका वस्तीत होती. नऊ टेबलं, मालक गल्ल्यावर, त्यांची बहीण वाढायला आणि आई आत पोळपाटापाशी. नऊ वर्षं आम्ही तिच्याच वरच्या मजल्यावर राहिलो. नवरा शेवटपर्यंत शाकाहारी राहिला, मी दुसऱ्याच हिवाळ्यात बाटले. त्यामुळे दोन्ही बाजूंची उत्तरं माझ्याकडे आहेत.

प्रश्न : मी चाकणला औषधांच्या कंपनीत आहे. ब्लिस्टर पॅकिंगच्या मशीनच्या ट्रायलसाठी तीन आठवडे बोलोन्याला जायचंय. मागच्या खेपेला माझ्या साहेबांनी एका छोट्या हॉटेलात ‘स्पॅगेटी बोलोनीज’ मागवलं, तर वाढणाऱ्या बाई सरळ नाही म्हणाल्या. शहराच्या नावाचा पदार्थ शहरातच नाही, हे कसं? आणि मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. तीन आठवडे पिझ्झ्यावर काढू का?

उत्तर : आंध्रात इडलीबरोबर ‘बॉम्बे चटणी’ मिळते. चाखून बघा, ते आपलं पातळ पिठलं असतं. आता दादरला जाऊन कुणी बॉम्बे चटणी मागितली तर वेटर काय करेल? तुमच्या साहेबांचं तेच झालं.

बोलोन्याचं खिम्याचं कालवण आहेच. त्याला रागू म्हणतात. पण ते पडतं ताल्यातेल्लेवर, म्हणजे अंड्यात मळलेल्या मैद्याच्या चपट्या, लांब पट्ट्यांवर. स्पॅगेटी ही दक्षिणेकडची, कडक डुरम गव्हाच्या रव्याची, वाळवून ठेवायची वस्तू. ती गोल आणि गुळगुळीत, त्यामुळे खिमा घसरून ताटलीच्या तळाशी बसतो आणि शेवटी चमच्याने उपसावा लागतो. लाकडी लाटण्याने लाटलेली ताल्यातेल्ले किंचित खरखरीत असते, रागू तिला धरून राहतो. या बाबतीत तिथली माणसं आपल्या पुणेकरांना मागे टाकतील. 1972 साली त्यांनी शहराच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये चक्क सोन्याची एक ताल्यातेल्ला ठेवली, मापाचा वाद नको म्हणून. शिजल्यावर रुंदी 8 मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270वा भाग! दहा वर्षांनी रागूची कृतीही तिथेच नोंदवली. मालकांच्या आईला मी एकदा या 8 मिलिमीटरबद्दल विचारलं, तर त्यांनी नुसता हातातला सुरा वर करून दाखवला.

आता तुमच्या पोटाचं. मेन्यूवर तीन शब्द शोधा : ‘तोर्तेल्लोनी दि माग्रो’. माग्रो म्हणजे रोडका, इथे अर्थ बिनमांसाच्या सारणाचा. नाताळच्या आदल्या रात्री मांस खायचं नाही असा कॅथलिकांचा जुना नेम, त्या उपासाचा हा पदार्थ. रिकोत्ता (आपल्या पनीरसारखं मऊ), चीज आणि पार्सली किंवा पालक भरलेल्या मोठ्या पुरचुंड्या, वर लोणी आणि सेज नावाच्या सुगंधी पाल्याची कुरकुरीत पानं. आपल्याकडे एकादशीच्या साबुदाण्याचं जे झालं तेच याचं झालं : उपास एका दिवसाचा, खाणं वर्षभर. शेवटची दोन अक्षरं मात्र नीट वाचा. तोर्तेल्लोनी चालेल, तोर्तेल्लीनी नाही. तोर्तेल्लीनीच्या चिमुकल्या पुरचुंडीत डुकराचं मांस, प्रोश्युत्तो (डुकराची खारवलेली मांडी) आणि मोर्तादेल्ला (डुकराच्याच मांसाचं जाडजूड सॉसेज) असतं आणि ती मांसाच्या पाण्यात वाढतात.

‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. पहिल्या महिन्यात आम्ही ‘सेन्झा कार्ने’, मांसाशिवाय, असं पाठ करून गेलो. पास्ता आला, त्यात गुलाबी चौकोनी तुकडे. विचारलं तर बाई निरागसपणे म्हणाल्या, “हे मांस नाही, प्रोश्युत्तो आहे.” (आपल्याकडे नाही का, श्रावण पाळणारे “रस्सा तेवढा वाढ” म्हणतात.) तेव्हा ‘सोनो वेजेतारियानो’, मी शाकाहारी आहे, असं आधी सांगा आणि मग तीन गोष्टी वेगळ्या विचारा : ब्रोदो म्हणजे मांसाचं पाणी आहे का, पांचेत्ता म्हणजे डुकराच्या पोटाचे तुकडे आहेत का आणि स्त्रुत्तो आहे का.

हा स्त्रुत्तो फार दगाबाज. ती डुकराची चरबी. क्रेशेंतीने नावाच्या तळलेल्या पुऱ्या मिळतात, गरम, फुगलेल्या, सोबत स्क्वाक्वेरोने नावाचं पाझरणारं चीज. नवऱ्याने त्या सात-आठ महिने आवडीने खाल्ल्या. मग एके दिवशी मालकांच्या आईने, आमच्या आईबाईंनी, कौतुकाने डबा उघडून दाखवला, कशात तळतो ते. पांढराशुभ्र, आपल्या डालड्यासारखा. घरी येऊन नवरा दोन दिवस बोलला नाही, तेही माझ्याशी, जणू मीच तळल्या होत्या. कांदा आणि टोमॅटो तासन्‌तास शिजवून करतात ते फ्रिज्जोने दिसायला अगदी आपलं, पण त्यातही तीच चरबी घालायची रीत आहे. आता काही ठिकाणी तेल वापरतात, म्हणून विचारणं बरं.

आणखी एक, मग तुमचं तुम्ही ठरवा. पार्मिज्यानो रेज्ज्यानो हे चीज वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, घालूनच करायचा नियम आहे. आमच्या घरी यावर बरीच चर्चा होऊन शेवटी ‘न विचारता खावं’ असा ठराव झाला.

पिझ्झ्यावर तीन आठवडे काढू नका. पण काढलेच तर ‘पेपेरोनी’ला घाबरू नका, इटलीत पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची.

प्रश्न : आम्ही चौघं ज्येष्ठ नागरिक, नाशिकचे. बोलोन्यात एका लहानशा हॉटेलात दोन डिश मागवून चौघांत वाटून घेतल्या. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी अडीच युरो लावले, म्हणजे दहा युरो नुसते बसण्याचे! पाण्याचे वेगळे. मालकाचा चेहराही आंबट होता. वर बिल आणायला अर्धा तास लावला. हा प्रवाशांना लुबाडण्याचा प्रकार नव्हे काय? मी बँकेत 34 वर्षं काढली आहेत, हिशेब मला कळतो.

उत्तर : हिशेब कळतो म्हणता, तर मालकाच्या बाजूनेही मांडून बघू.

कोपेर्तो हा टेबलावरची चादर, रुमाल, पाव, काटे-चमचे यांचा माणशी आकार. गावच्या माणसालाही तो लागतो, आम्हाला नऊ वर्षं लागला. मेन्यूवर तो छापलेला असायला हवा, बहुधा तळाशी, बारीक अक्षरात. छापला नसेल तर भांडा, मी तुमच्या बाजूने. पाणी बाटलीतलं येतं, ‘नातुराले’ म्हणजे साधं आणि ‘फ्रिझ्झान्ते’ म्हणजे बुडबुड्यांचं. टीप द्यायची सक्ती नाही, वरची चिल्लर ठेवली तरी पुरे. आपल्याकडे सर्व्हिस चार्जवरून जी हमरीतुमरी होते तिच्यापेक्षा मला हा रोखठोक अडीच युरोंचा मामला परवडतो.

चेहरा आंबट का झाला ते सांगते. आमच्या खालच्या नऊ टेबलांवर रात्री एकच पंगत बसायची. साडेसात-आठला आलेला माणूस अकराला उठायचा आणि ते टेबल तेवढा वेळ त्याचंच. आपल्याकडे शेवटचा घास तोंडात असताना मागे नंबर लावलेलं कुटुंब पिशव्या घेऊन उभं राहतं, तसं तिथे होत नाही. म्हणून बिलही न मागता आणत नाहीत. आणलं तर त्याचा अर्थ ‘उठा आता’ असा होतो आणि तो पाहुण्याचा अपमान. तुम्ही अर्धा तास बिलाची वाट बघत होता, आणि तो बिचारा तुम्ही ‘इल कोंतो, पेर फावोरे’ म्हणायची वाट बघत असेल.

आता त्या टेबलावर चार माणसं दोन डिशमध्ये आटोपली, तर त्या रात्री ते टेबल त्याला आतबट्ट्याचं. वाटून खाणं वाईट नाही, भूक कमी असते हे मलाही कळतं. पण मग चार ‘प्रीमी’, म्हणजे पास्त्याचे पदार्थ, मागवा आणि मांसाच्या डिश टाळा. किंवा दोन प्रीमी, दोन ‘कोंतोर्नी’. कोंतोर्नी म्हणजे बटाटे, भाजलेल्या भाज्या वगैरे, त्या वेगळ्या मागवाव्या लागतात, ताटाबरोबर आपोआप येत नाहीत. काही ठिकाणी ‘त्रिस’ असतं, तीन पास्ते थोडे-थोडे. तुम्हा चौघांना ते छान.

प्रश्न : आम्ही बारामतीचे, जैन. कांदा-लसूण, कंदमुळं, अंडं काही चालत नाही. सून म्हणते इटलीत सगळं मिळतं. मिळतं का?

उत्तर : सगळं मिळतं, पण बोलोन्यातल्या छोट्या त्रात्तोरियात तुमचं कठीण. तिथली ताजी पास्ताच अंड्यात मळतात, 100 ग्रॅम मैद्याला एक अंडं, पाण्याचा थेंब नाही. रश्शांची सुरुवात कांदा, गाजर, सेलरीच्या फोडणीने. एक मार्ग आहे : ‘पास्ता सेक्का, इन ब्यांको’ म्हणा. म्हणजे बिनअंड्याची वाळवलेली पास्ता, नुसत्या ऑलिव्ह तेलावर किंवा लोण्यावर. मात्र हे तिकडचं आजारपणातलं खाणं, आपल्या मऊभातासारखं. बाई काळजीने पोटाबद्दल विचारतील. त्यांना वाईट वाटू देऊ नका, हसून ‘तुत्तो बेने’, सगळं ठीक, म्हणा. गोडात झुप्पा इंग्लेझे घेऊ नका. केकच्या तुकड्यांना लाल रंग येतो तो आल्केर्मेस या मद्याचा आणि ते रंगवायची जुनी रीत किड्यांपासून काढलेल्या लाल रंगाची. बाकी दिवस भाजीबाजारातून फळं आणा आणि सुनेला स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्यायला सांगा.

प्रश्न : माझी लेक बोलोन्याच्या विद्यापीठात संशोधन करते. मी इचलकरंजीची, वय 61, मिस्टर गेल्याला दोन वर्षं झाली. महिनाभर तिच्याकडे जाणार आहे, पण ती दिवसभर प्रयोगशाळेत. “आई, दुपारी खालच्या हॉटेलात जेवत जा,” म्हणते. मी आयुष्यात कधी एकटीने हॉटेलात जेवलेली नाही. एकट्या बाईकडे लोक बघतात ना? भाषा येत नाही. जाऊ का, की डबा करून ठेवू? ऑगस्टचं तिकीट बघतोय.

उत्तर : ताई, मीही पहिल्यांदा एकटीने जेवले ती तिथेच. तेव्हा मी 43 वर्षांची होते. नवरा ट्रायलसाठी बाहेरगावी आणि घरात गॅस संपलेला. दारापर्यंत दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा मालकांच्या बहिणीनेच दार उघडलं आणि बोट वर करून विचारलं, “उना?” एक? मी मान हलवली. झालं, एवढीच भाषा लागली.

आत बघते तर दुपारची निम्मी टेबलं एकेकट्यांची. एक पोस्टमन, हॉस्पिटलातल्या दोन नर्सा वेगवेगळ्या टेबलांवर, आणि खिडकीजवळ एक आजोबा. ते रोज यायचे. टेबल ठरलेलं, न सांगता समोर पाव लिटर सांजोवेझे वाइन यायची, त्यात ते पाणी घालायचे. पास्ता संपला की पावाच्या तुकड्याने ताटली लख्ख पुसायचे. याला ते ‘स्कार्पेत्ता’ म्हणतात, छोटा बूट. मोठ्या हॉटेलात करत नाहीत, अशा ठिकाणी बिनधास्त करा. आईबाई आतून डोकावून कुणाची ताटली पुसली गेली ते बघायच्या, माझी खात्री आहे. मला त्या दिवशी मेन्यू कळला नाही. मी आजोबांच्या ताटलीकडे बोट दाखवलं. ते रागू निघालं. मी बाटले म्हणाले ना, ती अशी.

कुणी बघितलं का? हो, बघितलं. आत आल्यावर सगळ्यांनी ‘ब्वोन्जोर्नो’ म्हटलं आणि उठताना ‘आरिवेदेर्ची’. मधल्या पाऊण तासात कुणाला माझं काही पडलेलं नव्हतं. दोन वर्षं घरी येणारा प्रत्येक माणूस तुमच्याकडे कीव करून बघत असेल, तर असं कुणी न बघणं फार बरं वाटतं. मला ठाऊक आहे, कारण मीही आता एकटीच आहे.

दुपारी ‘प्रांझो दी लावोरो’ विचारा, कामकऱ्यांचं ठरलेल्या दरातलं जेवण : एक पास्ता, एक भाजी, पाणी, कॉफी. साडेबाराला जा. अडीचनंतर आतली चूल बंद होते आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत तुम्हाला कुणी वरणभातही देणार नाही. पहिल्या दिवशी लेकीला सोबत न्या, ओळख करून द्या. दुसऱ्या दिवसापासून एकट्या जा. डबा एकही दिवस करू नका.

मात्र तेवढं ऑगस्ट सोडा. 15 ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तोचा सण, त्याच्या आगेमागे सगळं गाव समुद्रावर जातं आणि अशा छोट्या हॉटेलांच्या शटरवर ‘कियूसो पेर फेरिये’, सुट्टीनिमित्त बंद, अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी दोन-तीन आठवडे लटकते. उकाडाही मरणाचा. तिकीट अजून काढलं नसेल तर सप्टेंबरचं काढा.