'आता तर बरे दिसतात, मग दिवसभर झोपून का असतात?'

प्रश्न : मिस्टरांना (वय ४९) दीड वर्षापूर्वी ब्रेन हॅमरेज झालं, बीपी खूप वाढलेलं. डावी बाजू गेली होती, आता काठीशिवाय चालतात, बोलणंही नीट आहे. पण आंघोळ-नाश्ता झाला की परत आडवे. टीव्ही चालू असताना कुकरची शिट्टी झाली तरी खेकसतात आणि सिरियल बघताना मधेच रडायला लागतात. सासूबाई म्हणतात, बसून खायची सवय लागलीय. सरकारी ऑफिसात क्लार्क आहेत, साहेब व्हीआरएससाठी (स्वेच्छानिवृत्तीसाठी) मागे लागलेत. बीपी आता नॉर्मल येतं, गोळी बंद केली तर चालेल का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, शेवटचं आधी. गोळी बंद करू नका. बीपी नॉर्मल येतंय ते गोळी चालू आहे म्हणून. हॅमरेज झालेल्यांचं बीपी साधारण १३०/८०च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो, तुमच्या मिस्टरांचा आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि घरी मशीनवर मोजत जा, पट्टा उजव्या म्हणजे चांगल्या हाताला. लोणचं, पापड, फरसाण, सुकी मच्छी कमी. डोकं दुखलं म्हणून मेडिकलवाल्याने दिलेली गोळी तशीच घ्यायची नाही, अ‍ॅस्पिरिन तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

आता थकवा, आणि हा भाग सासूबाईंना वाचून दाखवा. हॅमरेजनंतरचा थकवा झोप काढून जात नाही, आणि हातापायात किती ताकद आलीय याच्याशी त्याचा फारसा संबंधही नसतो, म्हणूनच तर बघणाऱ्याला तो आळस वाटतो. स्कॅनमध्ये रक्त विरघळलेलं दिसतं पण तिथल्या ज्या पेशी गेल्या त्या गेल्या, आजूबाजूचा मेंदू त्यांचं काम शिकत असतो, त्यामुळे शर्टाची बटणं लावणं, जिना उतरणं, दोघं एकदम बोलत असताना एकाचं ऐकणं हे सगळं पूर्वी आपोआप व्हायचं ते आता लक्ष देऊन करावं लागतं. टीव्ही आणि कुकर एकदम म्हणजे त्यांना खरंच सहन होत नाही. आमच्याकडे थेरपीला येणाऱ्या कितीतरी घरांत नवरा-बायकोची भांडणं याच्यावरूनच.

मग करायचं काय, तर दमल्यावर नाही, दमायच्या आधी झोपवा. आंघोळीला स्टूल द्या, आंघोळ आणि व्यायाम लागोपाठ नको, पाहुणे एका वेळी एकदोनच. पण दिवसभर लोळणं पण नको, रोज थोडं चालणं हवंच. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२ तपासून घ्या आणि जोरात घोरत असतील तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, झोपेत श्वास अडकत असेल तर थकवाही येतो आणि बीपीही चढतं. सहा महिन्यांत जे यायचं ते येतं, पुढे काही नाही, असं कोणी म्हटलं तर सोडून द्या. सुरुवातीचा वेग राहत नाही एवढंच, सुधारणा नंतरही होते.

रडण्याचं म्हणाल तर दोन गोष्टी असू शकतात. मधेच रडू येऊन मिनिटाभरात थांबत असेल तर भावना आवरणारं सर्किट बिघडलंय, विषय बदला, समजूत काढत बसू नका. पण दिवसेंदिवस उदास, जेवणात लक्ष नाही, कशातच मन नाही असं असेल तर डिप्रेशन. स्ट्रोकनंतर (हॅमरेज हाही स्ट्रोकच) साधारण तिघांतल्या एकाला ते येतं आणि त्यावर औषधं आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, तुम्ही स्वतःसाठीही लावा, दीड वर्ष तुम्हीही राबताय.

व्हीआरएसच्या कागदावर सही नको! २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर जादा पद तयार करून ठेवता येतं. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र काढा, लोकलच्या दिव्यांग डब्यालाही तेच लागेल. हाजीअलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनची संस्था आहे, तिथे थेरपीचं विचारा. आणि ऑफिसला सुरुवात दोन-तीन तासांनी, गर्दीची वेळ टाळून.

प्रश्न : आईला अ‍ॅन्युरिझम (मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा) फुटून हॅमरेज झालं, ऑपरेशन करून त्यावर क्लिप लावलीय. आम्ही भावंडांनी तपासणी करायची का?
– एक वाचक, परळ

उत्तर : घरात एकट्या आईलाच झालं असेल तर सहसा सगळ्यांची तपासणी सांगत नाहीत. आईवडील-भावंडांत दोघांना किंवा जास्त जणांना झालं असेल तर न्यूरोसर्जनला एमआर अँजिओग्राफीबद्दल (एमआरआय मशीनवर मेंदूतल्या रक्तवाहिन्या बघतात ती तपासणी) विचारा. सिगारेट असेल तर सोडा, बीपी मोजत जा. आणि आईचा पुढे कधी एमआरआय ठरला तर क्लिप कुठल्या प्रकारची ते आधी सांगावं लागतं, जुन्या काही क्लिपना एमआरआय चालत नाही, म्हणून ऑपरेशनच्या कागदांचा फोटो सगळ्या भावंडांच्या मोबाईलमध्ये ठेवा.