ग्राफिक डिझाइनसाठी लॅपटॉप: आधी स्क्रीन, मग रॅम, कार्डाचं शेवटी बघू

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी कोल्हापूरला बीएफए अप्लाइड आर्टला चालली आहे, घर खानापुरात, बजेट ७० हजार. बेळगावातल्या दुकानदाराने दोन लॅपटॉप दाखवले. एक गेमिंगचा: आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, आरटीएक्स २०५० कार्ड, १४४ हर्ट्झची स्क्रीन. दुसरा पातळ, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला, १६ जीबी रॅमचा. दुकानदाराचा जोर पहिल्यावर, आणि भाचा म्हणतोय मॅकबुकशिवाय डिझाइन होतच नाही.

दुसरा घ्या. पण त्याच्या माहितीत '१०० टक्के एसआरजीबी' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच (एसआरजीबी म्हणजे स्क्रीनने किती रंग दाखवावेत याचं ठरलेलं माप). नसेल तर तोही नको.

या दरातल्या बऱ्याच गेमिंग लॅपटॉपांची स्क्रीन '४५ टक्के एनटीएससी' (रंगांचंच दुसरं, जुनं माप) असते. आकडा बारीक अक्षरात असतो आणि दुकानदार तो आपणहून कधी सांगत नाही. एसआरजीबीच्या हिशेबाने ही स्क्रीन जेमतेम ६० ते ६५ टक्के रंग दाखवते. मार बसतो तो नेमका लाल-केशरी रंगांना. कुंकवाचा लाल विटकरीकडे झुकतो, झेंड्याचा भगवा धुतल्यासारखा दिसतो. मुलीला वाटणार रंग कमी पडलाय, ती सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवणार, आणि तीच फाइल सरांच्या मॉनिटरवर उघडली की डोळ्यांत खुपणार. १४४ हर्ट्झचा याच्याशी काही संबंध नाही. तो वेग गेम खेळणाऱ्यांसाठी आहे, पोस्टर जागचं हलत नाही. ७२ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर ते साधारण १०० टक्के एसआरजीबीच्या जवळ जातं, तेही चालेल. पॅनल आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणारं) हवं, उजेड निदान ३०० निट्स, आणि १६:१० आकार मिळाला तर उत्तम, कारण टूलबार आणि पॅनेल्सना उंची लागते. ओएलईडी प्रकारची स्क्रीन दिसायला देखणी, पण तिच्यात रंग जरा जास्तच भडक दिसतात. सेटिंगमध्ये एसआरजीबी मोड असेल तरच तिचा विचार करा.

एक सावधगिरी. एकाच नावाच्या मालिकेत दोन-तीन वेगळ्या स्क्रीन येतात. इंटरनेटवर परीक्षण वाचलं एका मॉडेलचं आणि खोक्यातून निघालं दुसरंच, असं होतं ते यामुळेच. खोक्यावरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर, शेवटच्या अक्षरांसकट, टिपून घ्या आणि कंपनीच्या साइटवर तोच नंबर टाकून बघा.

स्क्रीन कितीही चांगली असली तरी छपाईचे रंग ती हुबेहूब दाखवत नाही. स्क्रीन उजेडाने रंग करते, प्रेस शाईने. म्हणून मुलीला सुरुवातीपासून सीएमवायकेचे (छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईचे) आकडे बघून काम करायची सवय लावा: शून्य-साठ-शंभर-शून्य म्हणजे केशरी, तो स्क्रीनवर कसाही दिसो. छापील शेडकार्ड जवळ ठेवावं आणि फोटोशॉपमध्ये 'प्रूफ कलर्स' (छापल्यावर रंग कसे दिसतील याचा अंदाज) लावून बघावं.

आता रॅम. इथे हिशेबच करून दाखवतो. गणपती मंडळाचा १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स घ्या. ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) तो ८,६४० बाय ६,९१२ पिक्सेल होतो, म्हणजे जवळपास ६ कोटी पिक्सेल. सीएमवायकेत प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर पूर्ण भरलेला एक लेअर सुमारे २४० एमबीचा. असे १५ लेअर झाले की साडेतीन जीबी तिथेच गेले. त्यात विंडोज, ब्राउझरचे दहा टॅब आणि शेजारी उघडं इलस्ट्रेटर. ८ जीबी रॅम इथेच संपते. मग फोटोशॉप एसएसडीवर, म्हणजे साठवणीच्या डिस्कवर, तात्पुरती 'स्क्रॅच' फाइल लिहायला लागतं आणि ब्रश अडखळत चालतो. मुलं म्हणतात 'प्रोसेसर स्लो आहे'. प्रोसेसर बिचारा रिकामा बसलेला असतो. (हाच फ्लेक्स कुणी ३०० डीपीआयला करायला घेतला तर लांबी ३६,००० पिक्सेल होते आणि फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल ३०,००० च्या पुढे जातच नाही, मोठ्या फाइलींच्या पीएसबीत सेव्ह करावी लागते. लांबून बघायच्या फ्लेक्सला ३०० डीपीआय लागतही नाही. हे लॅपटॉप बदलून सुटणारं दुखणं नव्हे.)

तेव्हा १६ जीबी ही किमान. दुकानात डेमो पीस चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर जा. खाली 'फॉर्म फॅक्टर' दिसेल. तिथे 'एसओडीआयएमएम' असेल तर रॅम काढता-घालता येते, 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती बोर्डावर डाग देऊन बसवलेली आहे, पुढे वाढणार नाही. काढता येणारी असेल तर 'स्लॉट्स यूज्ड' बघा. ८ जीबीच्या दोन पट्ट्या १६ च्या एका पट्टीपेक्षा बऱ्या, कारण वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपचं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं आणि दोन पट्ट्यांनी त्याला रुंद वाट मिळते. तुमच्या पहिल्या लॅपटॉपमध्ये ८ ची एकच पट्टी असणार. 'नंतर वाढवू' म्हटलं तर तो खर्च आजच्या किमतीत धरा.

प्रोसेसरवर फार डोकं शिणवू नका. इंटेलचा अलीकडचा आय-फाइव्ह किंवा कोअर अल्ट्रा ५, नाहीतर एएमडीचा रायझन ५, पुरे. रायझनच्या ७००० मालिकेत मात्र फसगत होते. तिथे तिसरा आकडा बघायचा: ७५२०यू हा जुन्या झेन-२ रचनेवरचा, चारच कोअरचा. ७५३०यू झेन-३ चा, ७५३५ त्याच्या थोडा पुढचा आणि ७५४०, ७६४० हे झेन-४ चे. नाव सारखंच 'रायझन ५', पण ७५२०यू वाला स्वस्तात का मिळतोय ते कळलं ना?

ग्राफिक्स कार्ड कधी लागतं? व्हिडिओ आणि थ्रीडीच्या कामाला: आफ्टर इफेक्ट्स, प्रीमियर, ब्लेंडर. इलस्ट्रेटर, इनडिझाइन, कोरल आणि रोजचं फोटोशॉप यांना त्याच्यावाचून अडत नाही. मुलीचा कल अॅनिमेशनकडे असेल तर २०५० कार्डाच्या ४ जीबी मेमरीवर समाधान मानू नका, आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं किंवा ४०५० बघा. ३०५० चं ४ जीबीचंही मिळतं, तेव्हा आकडा विचारून घ्या. आणि तेव्हाही स्क्रीनची अट सुटत नाही.

भाच्याचं मॅकबुक. यंत्र उत्तमच, स्क्रीन आणि बॅटरी दोन्ही चोख. एम-४ वाला मॅकबुक एअर मार्च २०२५ मध्ये आला तेव्हा १६ जीबी आणि २५६ जीबीचा दर ९९,९०० होता, विद्यार्थ्यांना ८९,९००. तुमच्या बजेटात बसत नाही. बसवायचा म्हणून जुना ८ जीबीचा एअर घेतलात तर रॅमही वाढत नाही आणि स्टोरेजही. त्याहून मोठी अडचण आपल्याकडची आहे. सीमाभागातल्या प्रेसमध्ये मराठी बहुधा कोरल आणि श्रीलिपी या फॉन्ट-सॉफ्टवेअरवर चालतं, कन्नड तशाच नुडीवर, आणि हे सगळं बसवलेलं असतं विंडोजवर. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, म्हणजे सुट्टीत घरी येऊन मुलीने चार कामं केली तरी एका फाइलीत दोन लिप्या येणारच. प्रेसवाल्याची फाइल तिला उघडता यायला हवी. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉपही याच कारणाने टाळा. जुन्या डाँगलचे (सॉफ्टवेअर चालू करायची यूएसबी किल्ली) आणि स्कॅनरचे ड्रायव्हर त्यांवर पुष्कळदा चालत नाहीत. डाँगलसाठी साधा, चौकोनी यूएसबी पोर्टही हवा, तोही निदान दोन.

लिपीचाच विषय निघालाय तर हेही. नव्या लॅपटॉपवर अॅडोबीत मराठी टाइप केलं की पुष्कळदा 'किल्ला'तली वेलांटी भलतीकडे जाते, 'दुसऱ्या' मोडून पडतं. लगेच 'लॅपटॉप खराब' म्हणून दुकान गाठू नका. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'टाइप'खाली 'शो इंडिक ऑप्शन्स' सुरू करायचं, मग पॅरेग्राफ पॅनेलच्या मेनूतून साउथ एशियन कंपोझर (अक्षरं नीट जुळवणारी सोय) निवडायचा. इनडिझाइनमध्ये त्याचं नाव वर्ल्ड-रेडी कंपोझर. फॉन्ट युनिकोड घ्या: मराठीला मुक्ता, कन्नडला बलू तम्मा, दोन्ही फुकट आणि दोन्ही 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे.

एसएसडी ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) घ्या, दुसरा स्लॉट असेल तर बरं. बॅकअपला बाहेरची हार्ड डिस्क वेगळी.

७० पैकी सगळे लॅपटॉपवर उडवू नका. ६० ते ६२ त्यात घाला आणि उरलेल्यात ६ बाय ४ इंचांचा पेन टॅबलेट, चांगला माउस, बॅग आणि हार्ड डिस्क बसवा. टचस्क्रीनचे पैसे मोजण्यापेक्षा पेन टॅबलेट शंभर पटींनी कामाचा. पहिलं वर्ष फाउंडेशनचं, ड्रॉइंग-लेटरिंग बरंचसं हातानेच होतं. कॉलेजने सक्ती केली नसेल तर खरेदी थोडी पुढे ढकला की. नाहीतर वॉरंटीचं वर्ष कपाटातच संपतं.

वॉरंटीवरून आठवलं. 'ऑनसाइट' म्हणजे माणूस घरी येतो, पण कुठल्या पिनकोडला ते विचारा. बेळगाव शहराचा ५९०००१ चालतो म्हणून खानापूरचा ५९१३०२ चालेलच असं नाही. कोल्हापुरात ती राहणार तिथला पिनकोडही तपासा. दोन्ही राज्यांत जीएसटी १८ टक्केच, तेव्हा 'तिकडे टॅक्स कमी' असं कुणी म्हटलं तर सोडून द्या.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज येते-जाते. ६५ वॅटचा चार्जर घरच्या इन्व्हर्टरवर निभावतो, गेमिंगवाल्यांचा दीडशे-दोनशे वॅटचा बॅटरी झरझर खातो. चार्जर तीन पिनांचा असेल तर दोन पिनांचा जोड लावू नका. अर्थिंग नसेल तर लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात.

आणि दुकानदाराने 'सेट करून देतो' म्हटलं तर पहिलं लॉगिन मुलीच्याच ईमेलने करून घ्या. विंडोज ११ पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद करते आणि त्याची किल्ली त्या खात्यात जाते. खातं दुकानदाराचं असेल तर पुढे बोर्ड बदलल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागते, आणि तेव्हा ती की दुकानदाराच्या कुठल्या जुन्या ईमेलमध्ये पडलीये ते त्यालाही आठवत नाही.